आत यायची वाट, बाहेर जायची वाट

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही. पूर्वेला शिरोळ पाच-सहाशे मिलिमीटरांवर वर्ष काढतं, पश्चिमेला गगनबावडा पाच हजारांच्या पुढं जातो. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरचं मलकापूर या दोन टोकांच्या मध्ये असलं, तरी त्याचं तोंड आंबा घाटाकडं आहे. तरणा पाऊस लागला की म्हातारा सरेपर्यंत ऊन दिसेलच याची खात्री नसते. ज्या गावात त्या दिवसांत अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं गाडीच्या आतलं प्लायवूड कसं वाळणार? जुनी कॅम्पर गाडी बाळगणाऱ्याला मलकापुरात पडणारा खरा प्रश्न हा आहे. गळती सगळीकडं असते. इथं अडचण ती सुकवण्याची.

गाडी कुठली, तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ट्रॅव्हलर. पुण्याच्या बजाज टेम्पोनं १९८७ साली ती आणली, मर्सिडीझ-बेन्झच्या टी-१ या मालवाहू गाडीच्या आराखड्यावरून. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, गाडीचा सांगाडा मात्र बराच काळ तोच राहिला. जर्मनीत त्याच टी-१च्या जुन्या गाड्यांत बिछाना आणि ओटा बसवून फिरणारी माणसं आजही आहेत. म्हणजे तिकडच्या हौशी मालकाचं आणि आपल्याकडच्या मालकाचं दुखणं पुष्कळसं एकच: टपाच्या कडेची पन्हळ, पुढच्या काचेचं रबर, दारांचे तळ. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. पण जुनी प्रवासी गाडी घेऊन सुतार आणि बॉडी मिस्त्री यांच्याकडून ती घडवून घेणाऱ्याचा रस्ता वेगळाच. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, हे इथंच सांगून ठेवतो.

पुढचा संवाद दोन मतांचा आहे. अण्णा बॉडीकाम करणारे मिस्त्री. ताई गाडीच्या मालकीण, पुण्यात नोकरी करून गावी परतलेल्या. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, बिछान्याच्या उशाशी, पाणी येतं. दोघांना ते थांबवायचं आहे.

ताई : अण्णा, मला एकदाच आणि कायमचं करायचंय. टपावरचा प्रत्येक जोड, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक काच बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं बंद करून टाकू. पाणी आत यायलाच नको.

अण्णा : ताई, गाडी रस्त्यावर पळती. पळती म्हंजे हलती. हलत्या पत्र्याचा जोड आज बंद केला तर दोन वर्सांनी कुठंतरी उघडतोयच. पाणी येणार हे धरूनच चालायचं. आलेलं पाणी जाईल कुठनं, ते आधी बघा. आपल्या घराच्या कौलाला कवा कुणी काय चिकटवून बसलंय का? कौलावर कौल चढवलंय, उतार दिलाय, पाणी खाली जातंय. एवढ्यावर शंभर वर्सं घर उभं ऱ्हातंय.

ताई : कौलं ताशी साठच्या वेगानं धावत नाहीत, अण्णा. घराला समोरून वाऱ्याचा असा रेटा येत नाही.

ताईंचा हा मुद्दा वादातला टोला नव्हे, भौतिकशास्त्र आहे. उभ्या गाडीवर पाऊस वरून पडतो. चालत्या गाडीच्या पुढच्या काचेवर तोच पाऊस वाऱ्याच्या दाबानं वर ढकलला जातो आणि रबराच्या खालच्या ओठातून आत शिरतो. त्यामुळं काही गळत्या गाडी उभी असताना दिसतच नाहीत. उलट काही फक्त उभ्या गाडीतच दिसतात, कारण टपाच्या खोलगटात पाणी साचून राहायला वेळ मिळतो. गळतंय ते कधी गळतंय, याची नोंद ठेवली तर अर्धा शोध तिथंच लागतो: चालताना की उभी असताना, कुठल्या बाजूला कललेली असताना, पाऊस पडता पडता की थांबल्यावर तासाभरानं.

अण्णा : तुमची गाडी घाटात ब्रेक मारला की काय करती?

ताई : चालकाच्या डोक्यावरच्या दिव्यातून पाणी पडतं. पाऊस थांबलेला असला तरी.

अण्णा : मग भोक त्या दिव्यापाशी न्हाई. टपाच्या पत्र्याखाली, आतल्या छताच्या वर, पाणी साठून ऱ्हायलंय. उताराला ब्रेक मारला की ते पुढं धावतंय. आणि गाडी दारात नाक वर करून लावली की मागं, तुमच्या उशाला. जिथं ठिबकतंय तिथं भोक नसतंय, ताई. टपाच्या आत आडव्या पट्ट्या हाईत, त्यांच्या अंगानं पाणी सरकत जातंय आणि जिथं स्क्रूचं टोक भेटलं तिथं खाली उतरतंय. पुढचा दिवा आन् मागची उशी ह्या दोन गळत्या न्हाईत. एकच हाय.

एवढं निदान गाडीला हात न लावता झालं. अण्णांच्या पिढीच्या मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिबिटांनी ठोकलेली बसची टपं आयुष्यभर पाहिली आहेत. रस्त्याच्या हादऱ्यांनी रिबिटाचं भोक हळूहळू लांबट होतं आणि पाणी रिबिटाच्या डोक्याखालून आत जातं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण त्यांच्या ज्ञानाची एक मर्यादाही आहे. बसमध्ये कोणी राहत नाही, स्वयंपाक करत नाही, आणि बसच्या भिंतीत प्लाय आणि काचलोकर भरलेली नसते.

ताई : एक आहे हे मानलं. पण नेमकी कुठं? मी ओलावा मोजायचं यंत्र आणलंय. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. वीस टक्क्यांच्या वर गेलं की लाकूड कुजायच्या वाटेवर, असं सगळीकडं लिहिलेलं असतं. माझ्या गाडीत उशाशी सव्वीस आहे, पण बाकी सगळीकडंही एकोणीस-वीस दाखवतंय. म्हणजे अख्खी गाडीच गेली!

अण्णा : घरातल्या पाटाला लावून बघा की ते यंत्र.

ताईंनी लावलं. देव्हाऱ्यापुढच्या कोरड्या पाटानंही एकोणीस दाखवलं. याचं कारण सरळ आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि हवेशी तोल साधून थांबतं. हवेत सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्के असेल आणि तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, तर कोणत्याही गळतीविना लाकूड वीस टक्क्यांच्या जवळ पोचतं. सगळीकडं लिहिलेली धोक्याची रेघ म्हणजे मलकापूरच्या आषाढातली साधी रोजची स्थिती. म्हणून इथं आकडा वाचायचा नाही, फरक वाचायचा. घरातल्या लाकडाचं माप हा पाया धरायचा आणि गाडीत वीतभर अंतरानं टोचत जाऊन कुठं आकडा चढतो ते पाहायचं. ताईंनी खडूनं भिंतीवर आकडे लिहिले. सव्वीसाच्या ठिपक्याकडून वर आणि पुढं जाताना आकडा उतरायला हवा होता. तो टपाच्या कडेनं चढत गेला आणि कॅरिअरच्या पायाखाली सर्वांत जास्त निघाला.

यंत्रानं वाट दाखवली, भोक दाखवलं नाही. त्यासाठी दोघांच्या पद्धती पुन्हा वेगळ्या.

अण्णांची पद्धत पाण्याची नळी. ती बहुतेक लोक चुकीची वापरतात, कारण सुरुवात टपावरून करतात. वरून सोडलेलं पाणी खालच्या सगळ्या जोडांवरून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. नळी खालून वर न्यायची: आधी दाराचा तळ, मग मागचे दिवे, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड, मग पन्हळ, शेवटी टप. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबायचं. आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला, आणि आतली फळी काढलेली. फळी न काढता ही परीक्षा करणं म्हणजे वेळ घालवणं. संशयाच्या जागी वर्तमानपत्राचा कागद नाहीतर पावडर पसरली की पहिला थेंब लपत नाही.

ताई : पण ज्या गाडीची आत्ताच काचलोकर भिजलीय तिच्यात मी आणखी पाणी ओतू? मी उलटं केलं. चालकाच्या खिडकीत प्लायचा तुकडा बसवला, त्याला भोक पाडून ब्लोअर लावला. बाहेरची हवा आत घेणारी तोंडं चिकटपट्टीनं बंद केली. आतून हवेचा हलका दाब आणि बाहेरून ब्रशनं साबणाचं पाणी. जिथून हवा बाहेर पडते तिथं फेस धरतो.

अण्णा : आन् कुठं धरला?

ताई : कॅरिअरच्या डाव्या बाजूच्या मधल्या पायाच्या बोल्टाशी. आणि पन्हळीत, चार बोटं लांबीच्या चिरेत.

अण्णा : *(थोडं थांबून)* हे बरं हाय. पाण्यानं पन्हळीतली चीर मला कदाचित दिसली नसती. पन्हळीत आधीच पाणी ऱ्हातंय.

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. अण्णा सहज मानणारे नाहीत. हवेच्या परीक्षेत वस्तू भिजत नाही आणि एकाच तासात अख्खी गाडी पाहून होते, हे त्यांनी ओळखलं. पावसाळ्यात शोध घ्यायचा असेल तर माझंही मत ताईंच्या बाजूनं आहे.

दुरुस्तीवर मात्र पुन्हा जुंपली.

बोल्टाभोवती आधीच कोणीतरी पांढरं सिलिकॉन थापलेलं होतं. स्नानगृहात वापरतात ते, ट्यूब उघडली की व्हिनेगरचा आंबूस वास येणारं. तो वास ॲसिटिक आम्लाचा. ते पत्र्याला गंज चढवतं, आणि सिलिकॉनच्या थरावर नंतर रंग, सीलंट, काहीच धड चिकटत नाही. ते खरवडून काढल्याशिवाय पुढचं काम नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

ताई : ते काढून लगेच पीयू भरू. पीयू हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं, म्हणजे पावसाळा त्याला उलट चांगला.

अण्णा : हवेतली ओल चालंल, पत्र्यावरची न्हाई. पत्रा ओला आसला की वरनं साय धरल्यागत घट्ट दिसतंय, खाली पकड न्हाई. आन् पन्हळीच्या त्या चिरेखाली काय हाय ते कुठं बघितलंय आपण? तिथं कंपनीनं भरलेल्या जुन्या सीलरचा थर हाय. तो तडकला की पाणी त्याच्याखाली शिरतंय आन् पत्रा खालनं खातंय. वरनं भरलं तर गंज आत कोंडला. दसऱ्याला उघडू. थर काढू, पत्रा पांढरा करू, गेलेला भाग कापून नवा जोडू, प्रायमर मारू, मग भरा तुमचं पीयू.

ताई : दसऱ्यापर्यंत गाडी अशीच गळू द्यायची?

अण्णा : ताडपत्री. पर टपावर घट्ट लपेटायची न्हाई. चार बांबूंवर, टपापासनं हातभर वर. वारा खालनं गेला पायजे.

ताई : आणि आत भिजलेली काचलोकर? ती तीन महिने पत्र्याला चिकटून राहिली तर दसऱ्याला कापायला पत्रा उरणार नाही.

इथं माझा कौल विभागून आहे. बाहेरचं काम दसऱ्यानंतर, हे अण्णांचं बरोबर. ओल्या पत्र्यावर घाईनं थापलेला सीलंट पुढच्या माणसाचं काम दुप्पट करतो. पण आतल्या फळ्या आजच काढायच्या, हे ताईंचं बरोबर. बंद भिंतीत भिजलेली काचलोकर आपणहून सुकत नाही. ती काढून फेकायची. सांगाडा उघडा पडला की निदान पंख्याचा वारा तरी त्याला लागतो. ताईंनी दुसऱ्या दिवशी डिसमिस घेऊन डावी भिंत उघडली. प्लाय साध्या व्यापारी प्रतीचं होतं, थर सुटलेले. पुन्हा बसवताना आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय घ्यायचं ठरलं. पण कायम ओलं राहिलं तर मरीन प्लायही कुजू शकतं, हे विकणारा सांगत नाही म्हणून मी सांगतो.

उघडलेल्या भिंतीच्या तळाशी अण्णांच्या मताचा पुरावा सापडला. दाराच्या आणि बाजूच्या पोकळ पेटीच्या तळाला कंपनीनं ठेवलेली भोकं असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. इथल्या लाल मातीनं ती गच्च बुजली होती. अण्णांनी तार घातली आणि पेटीतून गढूळ पाणी वाहू लागलं, कितीतरी वेळ.

अण्णा : बघा. टपातनं आलं ते थोडं. पर जायला जागा न्हाई म्हणून सगळं हितंच बसलं. पत्रा हितं खाल्लाय, टपाला न्हाई. तुम्ही वरची सगळी भोकं बंद केली आसती तरी ही पेटी कुजलीच आसती.

ताई : आणि तुम्ही नुसती ही भोकं मोकळी करून सोडली असती, तर वरून पाणी येतच राहिलं असतं.

अण्णा : आलं आसतं. गेलंबी आसतं.

ताई : वाटेतलं प्लाय भिजवून गेलं असतं!

काचांबद्दलही हाच वाद, पण तिथं अण्णा निर्विवाद जिंकतात. काचेच्या चौकटीला वर आणि दोन्ही बाजूंना सीलंट भरावा. खालची कड मोकळी ठेवावी. चारी बाजू बुजवल्या तर रबरामागं शिरलेलं पाणी तिथंच डांबलं जातं, आणि ट्रॅव्हलरच्या काचेचे खालचे कोपरे गंजतात ते यामुळं. उन्हानं कडक झालेलं, चिरा पडलेलं रबर असेल तर सीलंट भरत बसण्यापेक्षा नवं बिडिंग घालणं स्वस्त पडतं. कॅरिअरच्या पायाखाली मात्र पीयू नको, ब्यूटिलची पट्टी हवी. ती कधीच वाळून कडक होत नाही, पत्रा हलला तर त्याच्याबरोबर हलते, आणि उद्या बोल्ट काढायचा झाला तर निघते.

पाण्याच्या टाकीचं थोडक्यात. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच घुर्रर्र करून थांबत असेल, तर पावसाला दोष देऊ नये. दाब कुठंतरी सुटतोय. टाकीत खाण्याचा रंग टाकला की फरशीवरचं पाणी टाकीतलं की आभाळातलं, हे एका रात्रीत कळतं.

आता तिसऱ्या पाण्याकडं येतो, कारण बहुतेक मालकांना ते गळतीच वाटतं.

ताई : उजव्या भिंतीवर, जिथं हवेच्या परीक्षेत काहीच निघालं नाही, तिथंही सकाळी ओल असते. मी प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. सकाळी थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगाला होते, भिंतीच्या बाजूला नव्हते.

अण्णा : म्हंजे भिंतीतनं आलं न्हाई.

ताई : आमच्यातून आलं. रात्रभर दोन माणसांचा श्वास आणि घाम. शिवाय आत केलेला चहा-भात. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. ते थंड पत्र्याला लागून परत पाणी होतं.

अण्णा : गॅसचं पाणी होतंय? जाळ हाय तो!

होतं. एलपीजीतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की पाणीच तयार होतं. चुलीवर कोरडा तवा तापवला तरीही. पावसाळ्यात काचा लावून, आत शेगडी पेटवून बसलेल्या कुटुंबाची गाडी टपाला एकही भोक नसताना भिजू शकते. तसं बसणं जिवालाही धोक्याचं, कारण कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. तेव्हा वाफ बाहेर जायला वाट हवीच.

आणि इथंच दोघांच्या भूमिका फिरल्या. सगळं बंद करायला निघालेल्या ताईंना टपावरचा व्हेंट राहायला हवा होता, वाफ वर जाते म्हणून. पाण्याला वाट द्या म्हणणाऱ्या अण्णांना तो व्हेंट पत्रा ठोकून बुजवायचा होता.

अण्णा : टपाला मोठं भोक ठेवायचं आन् त्याच्याभोवती आयुष्यभर सीलंट घालत बसायचं? दोन काचा बोटभर उघड्या ठेवा.

ताई : आंब्याला आडव्या पावसात काच बोटभर उघडी ठेवून झोपून दाखवा, अण्णा.

यावर अण्णा बराच वेळ टपावर चढून भोकाभोवती हात फिरवत होते. खाली उतरून त्यांनी जमिनीवर खडूनं आकृती काढली. भोकाच्या कडेनं दोन इंच उंच पत्र्याची कॉलर उभी करायची, ती टपाला सलग वेल्डिंगनं जोडायची, आणि झाकण त्या कॉलरवर वरून उतरवायचं, कडा बाहेरून खाली आलेल्या. म्हणजे टपावर वाहणारं पाणी जोडापर्यंत पोचतच नाही. सीलंट निकामी झाला तरी पाण्याला दोन इंच चढावं लागेल. वेल्डिंगच्या आधी आतली सगळी लोकर आणि प्लाय काढायचं, बॅटरीची तार सोडायची.

ताई : आणि बिजागरी?

अण्णा : पुढच्या अंगाला. झाकण मागनं उघडलं पायजे. मग चालत्या गाडीत वारा त्याला दाबून धरतोय, उचकटत न्हाई. आन् पाऊस समोरनं आला तर आत शिरत न्हाई.

ताई : मग दोन इंच नको, तीन करू.

अण्णा : तीन लई हुतंय. अडीच.